परतीचा आकडा

आमच्या घरातलं एकही घड्याळ खरं बोलत नाही. स्वयंपाकघरातलं दहा मिनिटं पुढे, बैठकीतलं पंधरा, आणि माझ्या उशाशी असलेलं तर चांगलं पंचवीस. हे सगळं मीच करून ठेवलेलं. मी हेमांगी करडे. घड्याळं बनवणं हा माझा धंदा, पण घरातून वेळेवर निघायचं तर घड्याळाला थोडं खोटं बोलायला लावावं लागतं, हे शहाणपण मला आईकडून मिळालं आणि मी ते इमानेइतबारे चालवलं. माझी मुलगी ऋजुता मात्र चौथीत असतानाच या व्यवस्थेला पुरून उरली. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असायची आणि ही बैठकीतल्या घड्याळाकडे बघून मनातल्या मनात पंधरा वजा करायची.

"अगं, आठ वाजले!"

"पावणेआठ, आई. अजून एक पोळी वाढ."

पुढे जे घडलं त्याचं मूळ या वजाबाकीत आहे, असं ऋजुताला वाटतं. मला तसं वाटत नाही. वाटत नाही म्हणजे, तसं नाहीच, हे मी मोजून पाहिलं आहे. पण ती ते मानायला तयार नाही, म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून लिहून काढते.

आमची कंपनी भोसरीला. कंपनी म्हणजे वरच्या मजल्यावर सलीम मुकादम आणि त्याचे चार संगणक, खालच्या मजल्यावर मी आणि माझी यंत्रं, मध्ये एक जिना आणि त्यावर दिवसभर चाललेली आमची भांडणं. सलीम मूळचा राजापूरचा, गणितात पक्का, स्वभावानं त्याहून पक्का. आम्ही दोघांनी सहा वर्षं खर्चून एक मनगटी घड्याळ तयार केलं. नाव ठेवलं 'सोबत'. डोंगरात, समुद्रात, वाळवंटात, कुठेही भटकणाऱ्या माणसाच्या हातात ते असावं अशी कल्पना होती. टायटॅनियमची केस, ओरखडा न उठणारी काच, पाण्याखाली दोनशे मीटरपर्यंत टिकणारं गास्केट. हाताच्या हालचालीवर आणि उन्हावर ते चार्ज व्हायचं. मी ते दुसऱ्या मजल्यावरून फरशीवर टाकून पाहिलं, चिखलात पुरलं, एकदा तर भाजीबरोबर कुकरमध्ये लावलं. तीन शिट्ट्यांनंतरही चालू होतं. भाजी मात्र टाकून द्यावी लागली.

पण मजबूत घड्याळं जगात ढिगानं होती. आमचं वेगळेपण त्याच्या पोटात होतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत ऊन किती वाढलं ते वेगळं सांगायला नको. फेब्रुवारीतच शाळांना उन्हाची सुट्टी लागायला लागली. पारा बेचाळीसच्या वर गेला की जिल्हाधिकारी किल्ल्यांवर उन्हबंदी लावायचे. तरी लोक जायचेच, आणि दरवर्षी काहीजण परत यायचे नाहीत. कड्यावरून पडून जाणारे त्यात थोडे. बहुतेकांना ऊन मारायचं. उष्माघाताची मोठी फसवणूक अशी की माणसाला तो येताना कळत नाही. आतला ताप एकोणचाळीसच्या वर चढला की डोकंच नीट चालत नाही, आणि 'मी ठीक आहे' असं माणूस अगदी हसून सांगतो. आपण वळायला हवं होतं ती जागा केव्हाच मागे गेली, हे त्याला ठाऊकच नसतं.

ती जागा आमचं घड्याळ सांगणार होतं. मनगटाला टेकणाऱ्या मागच्या झाकणीवर एक पातळ पापुद्रा होता. कातडीखाली झिरपणाऱ्या द्रवातलं मीठ आणि स्नायू थकल्यावर तयार होणारं आम्ल तो मोजायचा. त्याखेरीज तापमान मोजणारे, सुईसारखे दोन बारीक काटे होते, एक कातडीला टेकलेला, दुसरा त्याच्या वर केसमध्ये. शरीरातली उष्णता नेहमी बाहेर यायला धडपडते. खालचा काटा गरम आणि वरचा थोडा थंड असेल, तर त्या फरकावरून आतून किती उष्णता येते आहे ते कळतं, आणि त्यावरून पोटातला खरा ताप काढता येतो. हे सगळं, वाटेचा चढउतार आणि त्या दिवसाचं ऊन एकत्र करून सलीमचं गणित एकच आकडा दाखवायचं. इतकी मिनिटं अजून पुढे गेलात तर स्वतःच्या पायांनी परत याल, त्यानंतर नाही. आम्ही त्याला परतीचा आकडा म्हणायचो. तो शून्यावर आला की घड्याळ मनगटावर तीनदा ठोके द्यायचं आणि काचेवर एकच शब्द उमटायचा, 'वळा'.

झाकणीला मी तांब्याचं कडं बसवलं होतं. हा माझा हट्ट. माझं माहेर तांबट आळीतलं, वडील शेवटपर्यंत बंबांवर आणि घंगाळांवर हातोडीनं ठोके पाडत मठारकाम करत होते, आणि तांब्याशिवाय कुठलीही वस्तू मला पुरी वाटत नाही. शिवाय घाम साचला तरी तांब्याखाली जंतू टिकत नाहीत, कातडी सोलत नाही. फक्त मनगटावर हिरवट वर्तुळ उमटतं. शार्दूल ते वर्तुळ सगळ्यांना दाखवत फिरायचा. "सासूबाईंचा शिक्का," म्हणायचा, "आता कुठे पळून जाता येणार नाही."

शार्दूल म्हणजे ऋजुताचा होणारा नवरा. वाईचा. किल्ल्यांवरची टाकी आणि झरे शोधून त्यांचे नकाशे करणं हे त्याचं काम. उंच, सडपातळ, आणि जेवायला बसला की माझ्या आमटीचं इतकं कौतुक करायचा की मला संशय यायचा. ऋजुता शाळेत भूगोल शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात गट घेऊन जायची. डिसेंबरात त्यांचं लग्न जुळलं होतं. तिचे बाबा ती नऊ वर्षांची असताना आजारपणात गेले. त्यानंतर आमच्या घरात इतक्या मोठ्यानं हसणारं माणूस शार्दूलच आलं.

घड्याळ बाजारात आणायच्या आधी सलीमचं आणि माझं शेवटचं मोठं भांडण झालं. परतीच्या आकड्यातून चाळीस मिनिटं आधीच कापून ठेवायची असं माझं म्हणणं. म्हणजे घड्याळ 'वळा' म्हणेल तेव्हा माणसाच्या हाताशी खरं तर चाळीस मिनिटं शिल्लक असतील.

"हेमांगीताई, आकडा म्हणजे आकडा," सलीम म्हणाला. "त्यात माया कशाला कालवताय?"

"लोक ऐकत नाहीत रे लगेच. वळा म्हटल्यावर वळायला वेळ लावतात."

"आणि हे त्यांना कळलं की?"

"कोण सांगणार आहे त्यांना?"

तोंडानं भांडण्यात मला तो कधी हरवू शकलेला नाही. चाळीस मिनिटं कापली गेली. आठवड्याभरात जेवताना ऋजुतानं घड्याळ मनगटावर फिरवत सहज विचारलं, "यात किती पुढे लावून ठेवलंयस, आई?" मला हसू आवरलं नाही. पोटची पोर, आईला इतकं ओळखते, याचं कौतुकच वाटलं.

"चाळीस," मी सांगून टाकलं.

तेवीस फेब्रुवारीला ऋजुता, शार्दूल आणि शाळेतले दोन सहकारी भैरवनाळेनं चढून घाटमाथ्यावर निघाले. ही नाळ म्हणजे कोकणातून सरळ वर येणारी दगडांची अरुंद घळ, दोन्ही बाजूंना काळे कडे. पहाटे चारला निघून नऊपर्यंत माथा गाठायचा बेत होता. उन्हबंदी अकरापासून होती. पण मध्ये दरड कोसळून वाट मोडली होती, तिला वळसा घालण्यात तासभर गेला.

पुढचं मी ऋजुताच्या तोंडून ऐकलं आहे. तिनं ते मला एकदाच सांगितलं, एका दमात.

नऊ वाजून पन्नास मिनिटांनी शार्दूलच्या मनगटावर ठोके पडले. बाकी तिघांची घड्याळं गप्प होती. माथा वर दिसत होता, फार तर अर्धा तास. खाली शेवटचा झरा सव्वा तासावर. शार्दूलनं हात पुढे करून 'वळा' दाखवलं आणि विचारलं, "काय करायचं, लीडर?"

ऋजुता म्हणाली, "आईची चाळीस मिनिटं आहेत. चल."

तो हसला आणि चालायला लागला. सव्वीस मिनिटांनी, माथा दोनशे फुटांवर असताना तो खाली बसला. त्यानं ऋजुताला 'आई' अशी हाक मारली, पाणी पुढे केलं तर ते ओळखलं नाही, आणि मग आडवा झाला. वरच्या पाड्यावरचा नामदेव भांगरे हाका ऐकून दोर आणि पाण्याची कळशी घेऊन उतरला. त्यानं शार्दूलला पाठीला बांधून वर काढलं. अकराच्या आत बचाव पथकाचं ड्रोन औषधं घेऊन पोचलं, पाठोपाठ डॉक्टरही आले. त्यांनी ताप पाहिला, एक्केचाळीस पॉइंट दोन. साडेअकराला सगळं संपलं.

लग्नाची साडी घ्यायला आम्ही त्या रविवारी जाणार होतो.

ऋजुता रडली नाही. तेराव्याला ती वाईला गेली, शार्दूलच्या आईसमोर बसली आणि म्हणाली, "त्यानं मला विचारलं होतं. मी त्याला वळू दिलं नाही." त्या माऊलीनं तिला जवळ घेतलं, तरी ही दगडासारखी ताठ. घरी आल्यावर मी म्हटलं, चूक माझी आहे, मी तुला चाळीस मिनिटं सांगायला नको होती. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "तू वळ म्हणालीस, आई. घड्याळातून तूच म्हणालीस. मी ऐकलं नाही." मग ती उठून भांडी घासायला लागली.

इकडे बातम्यांमध्ये आमच्या घड्याळाचं नाव झालं. 'घड्याळानं इशारा दिला होता' असं सगळीकडे छापून आलं, आणि मागणी दुप्पट झाली. आत कुठेतरी, अगदी एका कोपऱ्यात, आपलं यंत्र चुकलं नाही म्हणून मलाही बरं वाटलं होतं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

मे महिन्यात शार्दूलचं घड्याळ पोलिसांकडून परत आलं. त्यातली नोंद उघडायला सलीमनं नकार दिला. "मला नाही बघवणार," म्हणाला. मी एकटीनं उघडली. दहा वाजून सोळा मिनिटं, तो खाली बसला तो क्षण. आतला ताप, अडतीस पॉइंट चार.

अडतीस पॉइंट चारला कुणी होणाऱ्या बायकोला आई म्हणत नाही. त्या तापात आम्ही बायका दिवाळीचा फराळ करतो. मग डॉक्टरांना एक्केचाळीस पॉइंट दोन कसा सापडला? पडल्यावर चढला असेल, असं सलीमनं सुचवलं. मलाही ते मानायला सोपं गेलं असतं. पण मी नोंद मागे मागे नेली, तेव्हा दिसलं की सकाळी आठनंतर त्या दोन काट्यांमधला फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. माणूस भर उन्हात नाळ चढतो आहे, आणि घड्याळ म्हणतंय की त्याच्या आतून उष्णता येतच नाही. घड्याळ वाजलं होतं ते मीठ उतरल्यामुळे. तापाचा त्याला पत्ताच नव्हता.

मी भैरवनाळेत गेले. सत्तावन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून. सलीमला सांगितलं असतं तर त्यानं जिन्यातच अडवलं असतं, म्हणून वहिनींकडे मुंजीला जाते असं सांगून गेले. नामदेवला आधी फोन केला होता. माथ्यावरून तो मला नाळेत दोनशे फूट खाली घेऊन गेला. निघण्याआधी मी एक गोळी गिळली होती. औषधाची नव्हे, तिच्यात छोटा तापमापक असतो, पोटातून जाता जाता तो खरा ताप रेडिओवर सांगत राहतो. खेळाडूंना देतात. एका हातात 'सोबत', दुसऱ्या हातात गोळीचे आकडे दाखवणारा फोन, आणि तिथल्या तिथे दगडांवर चढउतार करायला मी सुरुवात केली.

"ताई, तुमी हे काय आरंभलंय?" नामदेव म्हणाला. "पोरगं ग्येलं त्ये ग्येलं. आता तुमाला बी खांद्यावर घ्याया लावता का मला?"

"थोडा वेळ, नामदेवभाऊ. तुम्ही सावलीला बसा."

"सावली हाये कुटं हितं? अन् वारं तर नावाला नाय. आमी हिला भट्टी म्हन्तो. माथ्यावर झाडं हालत्यात, पर हितं पान हालत नाय."

मी थांबले. खरंच, घामानं पदर चिंब होता आणि तो वाळत नव्हता. कड्यांच्या मध्ये हवा कोंडून उभी होती.

पंचवीस मिनिटांनी गोळी म्हणाली, एकोणचाळीस पॉइंट एक. घड्याळ म्हणालं, सदतीस पॉइंट सात.

मला डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले तेव्हा नामदेवनं दंडाला धरून बसवलं, डोक्यावर कळशी रिकामी केली आणि मला माझ्या वयाची जाणीव करून देणारे चार शब्द ऐकवले. मला कारण सापडलं होतं.

ते तांब्याचं कडं. तांबं उष्णता झटकन इकडून तिकडे नेतं, म्हणून तर आमच्या आळीत पिढ्यान्पिढ्या बंब तांब्याचे बनले. केस उन्हानं तापली की कडं खालचा आणि वरचा काटा एकाच तापमानाला आणून ठेवायचं. फरक गेला की घड्याळ आंधळं. वारा असेल तर केस वरून निवत राहते, फरक टिकतो, आकडा बरोबर येतो. भोसरीच्या चाचणीच्या खोलीत तो बरोबर आला होता, शंभरदा आला होता. कारण तिथे पंखा होता. खोलीत अठ्ठेचाळीस अंशांत आमचे कामगार सायकल मारत बसायचे, त्यांची तोंडं लाल झालेली मला बघवेनात, म्हणून मीच म्हटलं होतं, अरे, निदान एक पंखा तरी लावा त्यांना.

परत येऊन मी सलीमसमोर सगळं ठेवलं. तो आधी मुंजीवरून ओरडला. मग कागद घेऊन वर गेला आणि दोन दिवस खाली आला नाही. तांब्याच्या कड्याची चूक धरून मी दुरुस्त केलेला हिशोब त्यानं स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा केला, शार्दूलच्या नोंदीला लावला. तिसऱ्या दिवशी जिन्यावर येऊन बसला.

"साडेआठला वाजायला हवं होतं, ताई," तो म्हणाला. "तेव्हा ते झऱ्यापासून दहा मिनिटांवर होते."

"आणि नऊ पन्नासला?"

"तेव्हा त्याचा ताप चाळीस पॉइंट तीन होता. वळून झऱ्याकडे निघाला असता तरी पोचला नसता. मधेच कुठेतरी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "उलट वर गेले म्हणून नामदेवच्या हाताला तरी लागला."

विकलेली सगळी घड्याळं परत मागवायची, हे कुणी बोलून दाखवायची गरज पडली नाही. त्याचा अर्थ कंपनी संपली असाही होता. सलीमनं पत्र लिहून काढलं, दोघांनी सह्या केल्या. "ऋजुताला आधी सांगा," तेवढं म्हणाला.

घरी जाताना मी जवळजवळ धावत होते. शार्दूल माझ्या तांब्याच्या कड्यानं गेला, आणि हे ओझं मी मरेपर्यंत उचलणार, त्यात काही सुटका नव्हती. माझी नव्हती. पण ऋजुताची होती. तिनं त्याला मारलं नव्हतं. तिनं काहीही केलं असतं तरी, वळली असती, थांबली असती, तरी तो राहिला नसता. तीन महिने जी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालली होती, तिला देण्यासारखं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या हातात होतं, आणि ते खरं होतं.

ऋजुता खिडकीशी बसून मुलांच्या वह्या तपासत होती. मी तिच्यापुढे तीन कागद ठेवले. माझ्या पोटातल्या गोळीचा आणि घड्याळाचा आलेख, शार्दूलची दुरुस्त केलेली नोंद, आणि घड्याळं परत मागवण्याचं पत्र, सलीमच्या आणि माझ्या सहीचं. मग तांबं, पंखा, वारा, साडेआठ, नऊ पन्नास, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं कागद एकेक करून वाचले, पुन्हा वाचले.

"तू नाळेत गेली होतीस?"

"हो."

"एकटी?"

"नामदेव होता."

"चक्कर येऊन पडली असतीस तर?"

"अगं, ते राहू दे. आकडा बघ. नऊ पन्नासचा."

तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. "चाळीस पॉइंट तीन."

"हो. म्हणजे वळून काहीच उपयोग नव्हता. तू काहीही ठरवलं असतंस तरी."

मग मान वर करून तिनं विचारलं, "यात तू पदरचे किती घातलेस?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जोरानं मान हलवली.

"काही नाही. ऋजू, एक दशांशसुद्धा नाही. सलीमनं तपासलंय."

"सलीमकाका तुझं काहीही ऐकतात."

"हे नाही ऐकणार. त्याला विचार. फोन कर आत्ता."

"काय सांगतील ते? तू सांगितलंस तेच सांगतील." तिचा आवाज चढला नव्हता. उलट इतका मऊ होता की मला भीती वाटली. "आई, मला बरं वाटावं म्हणून तू या वयात भट्टीत जाऊन बसलीस. सगळा दोष स्वतःवर घेतलास. आता कंपनी बुडवायला निघालीस. इतकं कोण करतं?"

"मी तुझ्यासाठी नाही केलं गं. चूक झाली म्हणून केलं. दुसरं कुणी मरू नये म्हणून."

"हो, हो."

"तुझी शपथ, ऋजुता."

"माझी शपथ तू माझ्यासाठी खोटीसुद्धा घेशील," ती म्हणाली. आणि हसली. शार्दूल गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मी आलेख पुन्हा पुढे ओढला, काट्यांचा फरक दाखवायला लागले, उष्णता कशी वाहते ते सांगायला लागले. शाळेतल्या पोरांना समजावतात तसं मी माझ्या या भूगोल शिकवणाऱ्या पोरीला समजावत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी जितकं जीव तोडून सांगते आहे, तितकी ती माझ्याकडे अधिक प्रेमानं बघते आहे. मी बोलणं थांबवलं. मला रडू आलं.

ती उठून माझ्याजवळ आली. खाली बसून तिनं माझ्या मांडीवर डोकं टेकलं, आणि मग तीही रडली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. वाटलं, पटलं असेल. थोडं तरी पटलं असेल.

"थँक यू, आई," ती तोंड न उचलता म्हणाली.

बऱ्याच वेळानं ती उठली, तोंड धुऊन आली, कागद नीट घडी घालून तिनं माझ्या हातात दिले आणि वह्यांचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. लाल पेन उघडलं, पहिली वही उघडली.

"पण वळायला हवं होतं मी," ती म्हणाली.